जिज्ञासू म्हातारी : महदाइसा

धर्म ग्रंथांत लिहिला जातो आणि सभांत त्याची चर्चा होते. परंतु तो दिवसेंदिवस चालतो तो घरात, आणि घरात तो बहुतांशी स्त्रियांच्या हातांनी चालतो. पहाटेचे सडासंमार्जन, देवपूजेची सिद्धता, नैवेद्याचा स्वयंपाक, उपवास, व्रते, सोवळेओवळे, लग्नमुंजींतील गाणी, मृताच्या दिवसांचे नियम, हे सर्व स्त्रियांनी सांभाळावे आणि त्यामागील अर्थ मात्र पुरुषांनी जाणावा, अशी वाटणी कित्येक शतके चालत आली. हात स्त्रीचे आणि अधिकार दुसऱ्याचा, अशी ती वाटणी होती. तेराव्या शतकात महाराष्ट्रात एका विधवा स्त्रीने ही वाटणी मोडली. त्यासाठी तिने वादसभा जिंकली नाही की कोणाशी भांडण मांडले नाही. जे कळत नव्हते ते तिने परमेश्वरास विचारले, आणि विचारीत राहिली. तिचे नाव महदाइसा. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ती आद्य कवयित्री महदंबा म्हणून प्रसिद्ध आहे. पंथाच्या दृष्टीने तिचे थोरपण कवित्वाहून अधिक आहे, आणि ते तिच्या प्रश्नांत आहे.

कुळ, वैधव्य आणि पूर्वधर्म

महदाइसांचे मूळ नाव रूपाइसा. गोदावरीच्या तीरावरील, म्हणजे लीळाचरित्राच्या भाषेत गंगातीरीच्या, एका विद्यासंपन्न ब्राह्मण कुळात त्यांचा जन्म झाला. वायनायक हे त्यांचे पिता. पंथाचे आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्य, ज्यांना सर्व महानुभाव भटोबास म्हणून ओळखतात, ते महदाइसांचे चुलतबंधू. भटोबासांच्या मातोश्री आबाइसा आणि भगिनी उमाइसा याही पुढे श्रीचक्रधर स्वामींच्या सन्निधानी आल्या. अशा रीतीने एकाच घराण्यातील अनेक जीव एका परमेश्वराच्या वेधाने ओढले गेले.

महदाइसांना वैधव्य फार लवकर आले. त्या काळच्या उच्चवर्णीय घरात बालविधवेचे जिणे कसे असे, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्या चरित्राचा अर्थ उमगत नाही. विवाहिता स्त्रीचा बहुतेक धर्माचार पतीच्या आयुष्याशी आणि संततीच्या कल्याणाशी जोडलेला असे. तो आधार गेला की तिच्या वाट्यास उरे ते देहदंडन: एकभुक्त राहणे, उपवास, जाड वस्त्र, खालमानेने करावयाचे घरकाम. मंगलकार्यात तिने पुढे यावयाचे नाही. मांडवात हळद कुटली जात असता, नवरीची ओटी भरली जात असता तिने आतल्या खोलीत राहावयाचे. धर्म तिला नियम देत होता, पण त्या नियमांच्या शेवटी तिच्यासाठी काय ठेवले आहे, हे कोणी सांगत नव्हते. फार तर पुढच्या जन्मी असे दुःख वाट्यास येऊ नये, एवढीच आशा तिच्या हाती असे.

त्याच काळी देवगिरीच्या यादवांच्या राज्यात व्रतवैकल्यांचे शास्त्र कळसास पोहोचले होते. महादेवराय आणि रामदेवराय या दोन यादव राजांच्या पदरी असलेल्या हेमाद्री पंडिताने चतुर्वर्गचिंतामणी हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या व्रतखंडात तिथी, वार, नक्षत्रे यांना बांधलेल्या व्रतांचा अफाट संग्रह आहे. प्रत्येक व्रताला देवता आहे, विधी आहे, दान आहे आणि फळ आहे. या व्रतांचा भार प्रत्यक्षात उचलीत होत्या त्या घरोघरच्या स्त्रिया. उपाशी त्या राहत, रांधीत त्या आणि दानाची सामग्री जमवीत त्याच. महदाइसा वाढल्या त्या अशा वातावरणात.

विद्येचे वातावरण घरात असल्यामुळे असो की वैधव्याने अंतर्मुख केल्यामुळे असो, महदाइसांचे मन केवळ आचाराने तृप्त झाले नाही. त्यांनी रामदेव दादोस या साधकाचा उपदेश घेतला होता. दादोस स्वतः श्रीचक्रधर स्वामींच्या दर्शनास येत असत, आणि त्यांच्याच निमित्ताने त्यांचा शिष्यपरिवार स्वामींपर्यंत पोहोचला. महदाइसाही तशाच आल्या. गुरूच्या मागोमाग आलेली ही शिष्या गुरूच्याही पलीकडे जे आहे ते ओळखून तेथेच स्थिरावली, हा त्यांच्या अंगच्या विवेकाचा पहिला प्रत्यय होय.

सर्वज्ञांचे सन्निधान

श्रीचक्रधर स्वामी एकांकाचा काळ संपवून इ.स. १२६७च्या सुमारास पैठणास आले, आणि त्यानंतरची सुमारे सात वर्षे त्यांनी महाराष्ट्रात, मुख्यत्वे गोदावरीच्या परिसरात, परिभ्रमण केले. या काळात त्यांच्या सन्निधानी ज्या स्त्रिया होत्या त्यांची नावे लीळाचरित्रात पानोपानी येतात: बाइसा, आउसा, साधा म्हणजे एल्हाइसा, आबाइसा, उमाइसा, महदाइसा. एखाद्या धर्मसंस्थापकाच्या चरित्रग्रंथात स्त्रियांचे बोलणे, रुसणे, शंका विचारणे आणि रांधणे इतक्या तपशिलाने नोंदले जाणे ही त्या काळातील असामान्य गोष्ट आहे.

स्वामींच्या नित्यक्रमाची व्यवस्था बाइसांकडे होती. पूजावसर, आरोगणा, उपहार, पहुड या सर्व गोष्टींवर त्यांची देखरेख असे. वरवर पाहता ही कामे घरातील स्त्री करीत असे तीच होती. केरवारा, पाणी, स्वयंपाक, वस्त्रे धुणे, यांत नवे काही नव्हते. परंतु ज्याच्यासाठी ती केली जात होती तो बदलला होता, आणि त्यामुळे त्या कामाचे स्वरूपच पालटले. व्रतातील नैवेद्य देवतेला दाखवावयाचा आणि त्याच्या मोबदल्यात फळ मागावयाचे, हा सकाम व्यवहार होय. येथे मागणे काहीच नव्हते. दास्य हेच येथे साधन होते. जी स्त्री काल फळाच्या आशेने रांधीत होती ती आज सन्निधानाच्या आनंदाने रांधू लागली. बाहेरून चूल तीच दिसे, पण तिच्यापुढे बसणारी स्त्री आता बंधनातून सुटू लागली होती.

महदाइसा या सेवेत तर होत्याच, पण त्यांचे वैशिष्ट्य त्याहून वेगळे होते. त्या विचारीत. श्रीकृष्णचक्रवर्तींच्या लीळा, देवतांचे सामर्थ्य आणि त्यांची मर्यादा, तीर्थांचे माहात्म्य, जीवाचे बंधन, परमेश्वराची कृपा, अशा कितीतरी विषयांवर त्यांनी स्वामींना प्रश्न केले. एका उत्तराने समाधान झाले नाही तर त्या पुन्हा विचारीत. स्वामी त्यांना कौतुकाने म्हातारी म्हणत, आणि ही म्हातारी जिज्ञासू आहे, चर्चा करणारी आहे, काही ना काही पुसतच असते, अशा शब्दांत त्यांनी तिच्या स्वभावाचा गौरव केला. ज्या समाजात स्त्रीने शास्त्रार्थ विचारणे हा आगाऊपणा ठरे, तेथे सर्वज्ञांनी तिच्या विचारण्याला गुण मानले, याचे महत्त्व थोडे नाही.

या प्रश्नांचे फळ सर्व पंथाला मिळाले. स्वामींनी ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे निरूपण प्रसंगाप्रसंगाने झाले, आणि प्रसंग बहुधा कोणाच्या तरी प्रश्नाने उत्पन्न झाला. पुढे केशिराजबासांनी लीळाचरित्रातून स्वामींची वचने निवडून सूत्रपाठाची रचना केली आणि एकशेचौदा दृष्टांतांचा दृष्टांतपाठ सिद्ध केला. सूत्राचे प्रकरण पाहावयाचे, म्हणजे ते वचन कोठे, कोणाप्रती, कशावरून निघाले हे जाणावयाचे, ही पंथाच्या अध्ययनाची रीत आहे. त्या रीतीने पाहू लागले की अनेक ठिकाणी उत्तरामागे महदाइसांचा प्रश्न उभा असलेला दिसतो. शास्त्र बोलले ते स्वामी, पण त्यांना बोलते करणाऱ्यांत ही स्त्री अग्रभागी होती.

विटाळ आणि अधिकार

स्त्रियांच्या धर्माचारात सर्वांत अधिक जाच होता तो विटाळाचा. महिन्यातील ठरावीक दिवस स्त्रीने बाजूस बसावे, देवास शिवू नये, स्वयंपाकास हात लावू नये, आणि त्या दिवसांत आपण स्वतःच अपवित्र आहोत असे तिने मनोमन मानावे, हे तिच्या अंगवळणी पडलेले असे. स्वामींच्या सन्निधानातील बायांच्या मनातही हा संस्कार होता. या विषयावर स्वामींनी जे निरूपण केले ते लीळाचरित्रात जतन झाले आहे. देहाला जशी अन्य द्वारे आहेत आणि त्यांतून जसे मळ स्रवतात, तसाच हाही एका धातूचा स्राव आहे. त्यावरून विटाळ मानण्याचे कारण नाही, असा त्या निरूपणाचा आशय आहे. नाक वाहिले म्हणून कोणी आपल्या जीवाला अपवित्र मानीत नाही. मग याच एका स्रावाने स्त्रीचा जीव परमेश्वरापासून दूर का व्हावा, हा विचार त्यातून सहज निघतो.

या उत्तराचे मूळ पंथाच्या तत्त्वज्ञानात आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न व अनादी मानले, म्हणजे देहाचे धर्म प्रपंचाकडे जातात. स्त्रीपण आणि पुरुषपण हे देहाकडे राहते. बंधन आहे ते जीवाला, आणि मोक्ष व्हावयाचा तोही जीवालाच. म्हणूनच स्त्रियांच्या अधिकाराविषयी शंका निघाली तेव्हा स्वामींनी पुरुषांचे जीव थोर आणि स्त्रियांचे जीव धाकुटे असा भेद मानण्यास नकार दिला. परमेश्वर जर सर्वांचा एक आहे, तर त्याच्याकडे जाण्याचा अधिकारही एकच आहे. याच सिद्धांतामुळे पंथात स्त्रियांना संन्यासाचे द्वार खुले झाले. भिक्षान्न, नित्य अटन, विजन आणि नामस्मरण हा आचार पुरुषांप्रमाणे स्त्रियांनीही आचरावयाचा, असे ठरले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सिद्धांत कळणे आणि संस्कार गळणे यांत अंतर असते. स्वामींचे निरूपण ऐकल्यावरही बायांच्या मनातील भीती एका दिवसात गेली असेल असे मानण्याचे कारण नाही. लीळाचरित्र या भक्तांना सिद्ध पुरुषांच्या रूपात रंगवीत नाही. त्यांचे संकोच, त्यांचे हट्ट, एकमेकींविषयीचा मत्सर, जुन्या देवधर्माकडे परत परत वळणारे मन, हे सर्व त्यात उघडपणे आले आहे. म्हणूनच त्या बाया आजच्या साधिकांना जवळच्या वाटतात. महदाइसांचे प्रश्नही अशा जुन्या आणि नव्या धर्माच्या सीमेवर उभे राहून विचारलेले आहेत.

ऋद्धिपूरची सेवा

इ.स. १२७४च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. सन्निधान अंतरले. ज्यांचे सर्व जीवित त्या एका मूर्तीभोवती गुंफलेले होते त्यांच्यावर ओढवलेले हे दुःख वर्णन करण्यासारखे नाही. विधवेला एकदा आधार तुटण्याचा अनुभव असतो. महदाइसांना तो आता दुसऱ्यांदा आला, आणि या वेळचा अधिक खोल होता. भटोबासांसह भक्तपरिवार ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या आश्रयास गेला. आजच्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात हे स्थान आहे. पुढील सुमारे बारा-तेरा वर्षे महदाइसांनी श्रीप्रभूंच्या सेवेत घालविली.

श्रीप्रभूंचे चरित्र वेधक, पण सेवा अवघड. राउळ कधी बालकासारखे हट्ट करीत, कधी रागावत, कधी गावातील कोणाच्याही घरी जाऊन बसत. उच्चनीच, शिवाशीव यांची मर्यादा त्यांच्यापुढे टिकत नसे. गावातील लोक त्यांना आपले मायबाप मानीत. अशा स्वेच्छाविहारी परमेश्वराची सेवा करावयाची म्हणजे आपली इच्छा, आपली वेळ, आपली रीत सर्व बाजूस ठेवावी लागे. धिरड्यांची लीळा सर्व महानुभावांना परिचित आहे. श्रीप्रभूंनी महदाइसांकडे धिरडे मागितले. त्यांनी ते करून पुढे ठेवले, तर ते मनास येईना. मग दुसऱ्या रीतीने करून पाहावे, तेही नाकारले जावे, पुन्हा करावे, असा तो प्रसंग आहे. चुलीपुढे बसलेल्या स्त्रीला या प्रसंगातील श्रम सांगावे लागत नाहीत. पीठ कालवणे, तवा तापविणे, धूर सोसणे, आणि केलेले परतवले गेल्यावर पुन्हा आरंभ करणे. घरोघरी हे नित्य घडते आणि बहुधा मनात खंत ठेवून घडते. महदाइसांनी ते खंत न ठेवता केले. श्रीप्रभूंचे नाकारणे हाही त्यांच्या लेखी प्रसादच होता.

ही लीळा वाचताना केवळ भाव पाहून थांबणे पुरेसे नाही. ज्या स्त्रीने स्वामींना जीव-परमेश्वराविषयी प्रश्न विचारले, तीच येथे तव्यापुढे बसली आहे. ज्ञानाने तिला सेवेचा कमीपणा वाटला नाही, आणि सेवेने तिचे ज्ञान झाकले गेले नाही. विदुषीने चूल सोडावी आणि चुलीपुढच्या स्त्रीने शास्त्र विचारू नये, या दोन्ही समजुती या एका चरित्राने खोट्या ठरतात.

धवळे

ऋद्धिपुरात असतानाच तो प्रसंग आला ज्याने महदाइसांचे नाव मराठी भाषेत चिरंतन झाले. श्रीप्रभूंना विवाहाची प्रवृत्ती झाली. लीळा म्हणून का होईना, पण सर्व सोहळा यथासांग व्हावयाचा होता. भक्तजनांनी लग्नाची सिद्धता केली, आणि श्रीप्रभूंनी महदाइसांना गाण्याची आज्ञा केली. महदाइसांनी श्रीकृष्णचक्रवर्ती आणि रुक्मिणी यांच्या विवाहाचे धवळे गाइले. हा प्रसंग इ.स. १२८६च्या सुमाराचा मानला जातो.

धवळे म्हणजे लग्नात वराला उद्देशून गावयाची गीते. स्त्रियांच्या गाण्याची परंपरा महाराष्ट्रात त्याहूनही जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याने इ.स. ११२९च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लास ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. मुसळ, जाते, पाळणा आणि मांडव ही स्त्रियांच्या कवित्वाची स्थाने होती. तेथे शब्द जन्मास येत आणि वाऱ्यावर जात. लिहून ठेवण्याइतके मोल त्यांना कोणी दिले नव्हते. महदाइसांचे धवळे हे या विरून जाणाऱ्या परंपरेतून निघाले, पण परमेश्वराच्या सन्निधानी गाइले गेल्यामुळे भक्तांनी ते स्मरणात ठेवले, लिहिले आणि जपले.

परंतु या प्रसंगाचे खरे मर्म अजून पुढे आहे. लग्नाच्या मांडवात गावयाचे कोणी? सुवासिनींनी. लोकरीतीप्रमाणे विधवेने त्या मांडवात पाऊलही ठेवावयाचे नाही. तिची दृष्टी, तिचा स्वर, तिची सावली अशुभ मानली जाई. बालपणी ज्या मंगलकार्यांतून महदाइसांना रूढीने दूर सारले, त्या मंगलकार्याचे गाणे त्यांनीच गावे अशी आज्ञा येथे साक्षात परमेश्वराने केली. सभोवती अन्य भक्त होते, पंडित होते, कवित्व जाणणारे होते. निवड झाली ती या म्हाताऱ्या विधवेची. शुभ आणि अशुभ हे विधवेच्या कपाळावर लिहिलेले नसते, हे सांगण्यास याहून मोठे प्रमाण कोणते हवे? श्रीप्रभूंनी त्यावर प्रवचन केले नाही. त्यांनी फक्त गाण्यास सांगितले.

धवळ्यांचा विषयही ध्यानात घेण्यासारखा आहे. रुक्मिणी ही विदर्भाची राजकन्या. तिचे कौंडिण्यपूर वर्धा नदीच्या तीरी, ऋद्धिपुराप्रमाणेच आजच्या अमरावती जिल्ह्यात आहे. श्रीकृष्णांचे गुण ऐकून तिने मनाने त्यांना वरले. भावाने शिशुपालाशी विवाह ठरविला असता तिने ब्राह्मणाकरवी निरोप पाठविला आणि परमेश्वराला बोलावून घेतले. येथे वाट पाहणारी, निर्णय करणारी आणि बोलाविणारी स्त्री आहे. महदाइसांनी ही कथा पांडित्याचे प्रदर्शन न करता, घरगुती मराठीत, लग्नघरातील लगबगीच्या आणि जिव्हाळ्याच्या सुरात सांगितली. रुक्मिणीची उत्कंठा त्यांना निराळी कल्पावी लागली नसेल. स्वामी गेल्यापासून ती त्यांच्या अंतःकरणात वसतच होती. धवळ्यांचा पूर्वार्ध श्रीप्रभूंसमोर झाला, उत्तरार्ध त्यानंतरचा. याच विषयावर वर्णमालेच्या अक्षरक्रमाने रचलेले मातृकी रुक्मिणीस्वयंवर हेही महदाइसांच्याच नावावर आहे.

असन्निधानाचा काळ आणि म्हाताऱ्यांचा कैवार

इ.स. १२८७च्या सुमारास श्रीप्रभूंनीही देहत्याग केला. आता प्रत्यक्ष सन्निधान कोठेच उरले नाही. भटोबासांनी विखुरलेल्या भक्तपरिवाराला एकत्र बांधले, आणि स्मरण, आचार व ग्रंथ यांच्या आधाराने मार्ग चालू ठेवला. या काळात महदाइसांची स्मृती पंथाचे धन ठरली. म्हाइंभटांनी इ.स. १२७८च्या सुमारास लीळाचरित्राच्या संकलनास आरंभ केला होता. ज्या ज्या भक्ताने जी लीळा प्रत्यक्ष पाहिली वा ऐकली, त्याच्याकडे जाऊन ती विचारून घ्यावयाची, असा त्यांचा कटाक्ष होता. महदाइसांनी स्वतः विचारलेले प्रश्न आणि ऐकलेली उत्तरे या ग्रंथात आली ती अशाच साक्षीने. मराठीतील या आद्य गद्यचरित्रात एका स्त्रीची साक्ष पुरुषाच्या साक्षीइतकीच प्रमाण मानली गेली.

पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली, तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या पाठांवरून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. त्या पाठांत हिराइसांचा पाठ विशेष मान्यता पावला. महदाइसांनी प्रश्न विचारून जे मिळविले, ते हिराइसांनी पाठ करून वाचविले. शास्त्राच्या उत्पत्तीस आणि रक्षणास, दोन्ही टोकांस, स्त्रिया उभ्या आहेत.

भटोबासांनी भाषेविषयी घेतलेला निर्णय याच संदर्भात पाहिला पाहिजे. त्यांच्या भोवती संस्कृतज्ञ शिष्यांचा मेळा होता. केशिराजबासांसारख्या विद्वानाने संस्कृतात ग्रंथरचना करण्याचा विचार मांडला तेव्हा भटोबासांनी त्यास अनुमती दिली नाही. तसे केल्याने आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील, असे कारण त्यांनी दिल्याचे स्मृतिस्थळात नमूद आहे. कोणी संस्कृतात प्रश्न केला तर स्वामींनी आपणास मराठीत निरूपिले आहे, तरी मराठीतच विचारावे, असे ते सांगत. त्या म्हाताऱ्या म्हणजे आबाइसा, महदाइसा यांच्या परंपरेतील असंख्य स्त्रिया होत. त्यांना कळावे म्हणून पंथाची धर्मभाषा मराठी राहिली, आणि त्यामुळे मराठी गद्याचा पाया घातला गेला. मराठी भाषेवर या अनाम म्हाताऱ्यांचे केवढे ऋण आहे, याचा विचार क्वचितच होतो. ज्या ऋद्धिपुरात धवळे गाइले गेले, त्याच ऋद्धिपुरात मराठी भाषा विद्यापीठ स्थापण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाने कायदा संमत केला. साडेसातशे वर्षांच्या जवळ जाणारे एक वर्तुळ त्यायोगे पूर्ण होऊ पाहते.

महदाइसांचे देहावसान झाले तेव्हा भटोबासांना अतिशय दुःख झाले. ती धर्माचे रक्षण करणारी होती, आपली सोबतीण होती, अशा भावनेने त्यांनी तिचे स्मरण केले. आचार्यांनी एका स्त्रीला धर्मरक्षक मानावे, ही गोष्ट पंथाने कधीही विसरू नये अशी आहे.

चरित्राचा बोध

महदाइसांच्या चरित्रातून घ्यावयाचे काय? त्यांच्यासारखे कवित्व सर्वांना साधणार नाही. परंतु त्यांनी जे केले त्यातील दोन गोष्टी प्रत्येक उपदेशी स्त्रीला, वासनिकाला आणि संन्यस्ताला आचरता येण्यासारख्या आहेत. हातांनी दास्य करावे आणि मुखाने विचारावे. पोथी सुरू असता स्वयंपाकघरात असलेल्या बाईला निरूपणातील शब्द ऐकू येईल अशी व्यवस्था करावी. तिने शंका विचारली तर तिला गप्प बसवू नये. मंगलकार्यात विधवेला मागे लोटताना, अथवा देहाच्या धर्मावरून एखादीला स्मरणापासून दूर बसविताना, आपण सर्वज्ञांच्या निरूपणाविरुद्ध आणि श्रीप्रभूंच्या आज्ञेविरुद्ध वागत आहोत, याची जाणीव असावी. पंथाने जे सातशे वर्षांपूर्वी ऐकले, ते आपल्याच घरातून नाहीसे व्हावे, यासारखी हानी नाही.

स्त्रीच्या वाट्यास आलेला धर्म हा केवळ करण्याचा होता. महदाइसांनी तो जाणण्याचाही केला. विचारणारी म्हातारी गेली, पण तिच्या प्रश्नांची उत्तरे सूत्रांच्या रूपाने आजही पाठात आहेत. ती म्हणताना उत्तर देणाऱ्या सर्वज्ञांबरोबर विचारणाऱ्या महदाइसांचेही स्मरण व्हावे. त्या स्मृतीस दंडवत प्रणाम.